फ्लोराइड मधे पडतो

गॅसबत्तीला ज्यांनी स्वतःच्या हातानं जाळी बांधली आहे, त्यांची थोरियमशी ओळख झालेलीच आहे; नाव तेवढं कुणी सांगितलं नसेल. ती मऊ, रेशमी पिशवी बत्तीच्या तोंडाला दोऱ्यानं बांधायची, काडी लावायची, आणि कापड जळून गेलं की पांढरंफटक, नाजूक असं काहीतरी लोंबत राहायचं. बोट लागलं की त्याचा भुगा. ते थोरियमचं ऑक्साइड, म्हणजे थोरिया. नव्व्याण्णव भाग थोरियमचं आणि एक भाग सिरियमचं, हे प्रमाण व्हिएन्नाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखनं १८९१ साली बसवलं, आणि पुढे अर्धं शतक आपल्याकडच्या वराती, भजनाचे मांडव आणि तमाशाचे फड त्या पांढऱ्या भुग्याच्या उजेडात पार पडले. ऐन रंगात जाळी फुटली की सगळे बत्तीवाल्याच्या नावानं खडे फोडत. थोरियमला कुणी बोल लावल्याचं ऐकिवात नाही.

हे थोरियम येतं मोनाझाइट नावाच्या वाळूतून. दक्षिणेत मनवलकुरिचीच्या किनाऱ्यावरून ती वाळू काथ्याला चिकटून परदेशी गेली आणि १९०९ साली शोमबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या नजरेत भरली. त्यानं काथ्या बाजूला ठेवला आणि वाळू धरली. व्यापारी नजर म्हणतात ती हीच. स्वातंत्र्यानंतर १९५५ साली ट्रॉम्बेला थोरियमचा कारखाना सुरू झाला, तोही मुख्यतः जाळीवाल्यांना थोरियम नायट्रेट पुरवण्यासाठी. म्हणजे ज्या थोरियमवर आपल्या अणुकार्यक्रमाचा तिसरा टप्पा उभा राहायचा आहे, त्यानं नोकरीची सुरुवात दिवाबत्तीच्या खात्यात केली.

बत्तीची जाळी नाजूक असली, तरी त्या ऑक्साइडचा मूळ स्वभाव नाजूक नाही. ते वितळतं ३३०० अंश सेल्सियसच्याही वर. एवढ्या तापमानापर्यंत तग धरणारं दुसरं ऑक्साइड नाही. अणुभट्टीसाठी त्याच्या गोळ्या करतात. पूड दाबायची, भट्टीत भाजायची आणि खडूच्या तुकड्याएवढ्या घट्ट, जड गोळ्या काढायच्या. त्या अणुभट्टीत ठेवल्या की थोरियमचा काही भाग न्यूट्रॉन गिळून आधी प्रोटॅक्टिनियम होतो आणि मग युरेनियम-२३३. हे युरेनियम आपल्याला हवं असतं. ते मिळवायचं तर गोळी विरघळवायला हवी. इथून पुढे रसायनशास्त्रज्ञाचे हाल सुरू होतात.

कारण युरेनियमच्या गोळीनं त्याला लाडावून ठेवलेलं असतं. युरेनियम डायऑक्साइड गरम नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये टाकलं की तपकिरी धूर सोडत निमूटपणे विरघळतं. त्यामागे कारण आहे. गोळीतल्या युरेनियमनं चार इलेक्ट्रॉन दिलेले असतात आणि आणखी दोन द्यायची त्याची तयारी असते. नायट्रिक अ‍ॅसिड हे इलेक्ट्रॉन काढून घेण्यात तरबेज. ते दोन इलेक्ट्रॉन काढून घेतं, युरेनियमचा युरॅनिल होतो, आणि युरॅनिल पाण्यात सुखानं राहतो. थोरियमपाशी चारच इलेक्ट्रॉन होते आणि ते त्यानं आधीच देऊन टाकलेले असतात. आता द्यायला काही नाही. नायट्रिक अ‍ॅसिडनं कितीही खिसे चाचपले तरी हाताला काही लागत नाही. कारखान्यात वापरतात ते अ‍ॅसिड लिटरला सुमारे १३ मोल एवढं तीव्र, म्हणजे लिटरमागे ८१९ ग्रॅम शुद्ध नायट्रिक अ‍ॅसिड. त्यात भाजलेली थोरियाची गोळी टाकून उकळत बसा. वेळ जातो, गोळी तशीच.

आता त्यात थोडं हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड घाला. थोडं म्हणजे लिटरला ०.०३ ते ०.०५ मोल. वजनात मोजायचं तर लिटरमागे जेमतेम एक ग्रॅम फ्लोराइड. आठशे ग्रॅम अ‍ॅसिडला जे जमलं नाही ते हा एक ग्रॅम करून दाखवतो. गोळी विरघळू लागते.

अ‍ॅक्टिनाइड, म्हणजे थोरियम-युरेनियमच्या घराण्यातली मूलद्रव्यं, आणि फ्लोराइड यांच्या नात्यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत, आणि ते रटाळ आहेत असं म्हणायला मी तयार नाही. पण त्या ग्रंथांतले तक्ते उलटताना मला दर वेळी लग्न ठरवणारे मामा आठवतात. दोन्हीकडची मंडळी अडून बसलेली. मुलीकडच्यांनी आठशे गोष्टी सांगून पाहिल्या, मुलाकडचा एक माणूस हलत नाही. मग कुणीतरी मामांना बोलावतं. मामा शरीरानं किरकोळ, आवाज बारीक, पण येतात ते थेट अडून बसलेल्याच्या शेजारी. त्याच्या खांद्यावर हात टाकतात, त्याला हळूच बैठकीतून उठवून बाहेर ओट्यावर नेतात, आणि पाच मिनिटांत तो माणूस हसत परत येतो. तोवर मामा दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून मोकळे. फ्लोराइडचं काम हुबेहूब असं चालतं. गोळीच्या पृष्ठभागावरच्या थोरियमला तो चिकटतो, ऑक्सिजनशी असलेली त्याची पकड ढिली करतो. सुटलेला ऑक्सिजन अ‍ॅसिडमधल्या हायड्रोजनबरोबर पाणी होऊन जातो आणि थोरियम द्रावणात उतरतो. मग फ्लोराइड पुढच्याकडे. समजा लिटरमध्ये एक मोल थोरियम विरघळवायचं आहे आणि फ्लोराइड आहे ०.०५ मोल, म्हणजे एकेका फ्लोराइडला वीस-वीस थोरियमना उठवून बाहेर काढायचं आहे. एकालाच धरून बसला तर काम झालं.

आणि पंचाईत अशी, की एकालाच धरून बसायची त्याला भयंकर ओढ आहे.

चार धनभार असलेला थोरियम आणि एक ऋणभार असलेला, आकारानं इवलासा फ्लोराइड यांचं आकर्षण एवढं जबर आहे, की पातळ द्रावणात दोघं एकत्र येण्याचा स्थिरांक दहाच्या आठव्या घाताच्या, म्हणजे दहा कोटींच्या घरात जातो. फ्लोराइडचेच भाऊबंद क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड. ऋणभार तेवढाच, घराणं एकच. पण थोरियम क्लोराइडकडे जेमतेम मान वळवून बघतो आणि आयोडाइडची दखलही घेत नाही. राल्फ पीअर्सननं १९६३ साली आयनांची कठीण आणि मऊ अशी वर्गवारी केली. कठीण कठीणाकडे जातो, मऊ मऊकडे. थोरियम आणि फ्लोराइड दोघेही कठीणातले कठीण. वर्गवारी उत्तम आहे, फक्त ती वाचून झाल्यावर ‘पण का?’ असं विचारणारा एक विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो, आणि बहुधा तो पहिल्या बाकावर नसतो.

त्याला द्यायचं उत्तर मला फार आवडतं, कारण ते अपेक्षेच्या अगदी उलट आहे. एवढी ओढ आहे म्हटल्यावर दोघं भेटले की भरपूर उष्णता बाहेर पडत असेल असं वाटतं. पडत नाही. मोजली तर अगदी किरकोळ भरते. युरॅनिल आणि फ्लोराइडच्या भेटीत तर उलट थोडीशी उष्णता आत घेतली जाते. मग ही भेट घडवतो कोण? पाणी. थोरियम द्रावणात एकटा नसतो. नऊ-दहा पाण्याचे रेणू त्याला अगदी लगटून बसलेले असतात आणि त्यांच्यामागे आणखी रेणूंची रांग. फ्लोराइडभोवतीही पाण्याचा असाच घट्ट वेढा. दोघांचे भार एकमेकांत मिटले की ही सगळी मंडळी मोकळी होते आणि द्रावणभर हिंडू लागते. या मोकळेपणाला एंट्रॉपी म्हणतात आणि हा सगळा व्यवहार तिच्या जोरावर चालतो. दोघांच्या प्रेमाची म्हणून जी गोष्ट आपण सांगत होतो, ती खरं म्हणजे आजूबाजूच्यांच्या सुटकेची आहे. संसाराचा अनुभव असलेल्या वाचकांनी इथे काय तो अर्थ काढावा. थर्मोडायनॅमिक्सची त्याला हरकत नाही.

पण हे सगळं पातळ, शांत पाण्यातलं. आम्लात आणखी एक हक्कदार येतो. हायड्रोक्लोरिक, हायड्रोब्रोमिक ही अ‍ॅसिडं पाण्यात पडताच हायड्रोजन सोडून मोकळी होतात. हायड्रोफ्लोरिक मात्र चिवट. काच खाणारं, हाडापर्यंत उतरणारं हे अ‍ॅसिड पुस्तकाच्या हिशेबात सौम्य ठरतं, कारण फ्लोराइड आपला हायड्रोजन सहजी सोडत नाही. लिटरला एक मोल एवढं दुसरं तीव्र अ‍ॅसिड असलं, की हजार-दीड हजार फ्लोराइडांतला एखादाच मोकळा हिंडताना सापडतो. बाकी सगळे हायड्रोजनच्या गळ्यात गळा घालून. नायट्रिक अ‍ॅसिड तेरा मोलचं असेल तर विचारूच नका. आणि तरीही थोरियम दिसला की फ्लोराइड हायड्रोजनला सोडून त्याच्याकडे जातो. आम्लातही तराजूचं पारडं थोरियमच्या बाजूनं हजारो पटींनी झुकलेलं. पातळ द्रावणातले दहा कोटी इथे घसरून हजारांवर आले, एवढाच आम्लाचा उपकार. माझं मत असं, की हा उपकार लहान नाही. हायड्रोजनची ही ओढाताण नसती तर मामा पहिल्याच पाहुण्यापाशी ठाण मांडून बसले असते.

फ्लोराइड जास्त घातला तर काम लवकर होईल असं कुणालाही वाटेल. होत नाही. मर्यादा ओलांडली की थोरियमचं टेट्राफ्लोराइड पांढऱ्या साक्याच्या रूपानं तळाशी बसतं, आणि एवढ्या कष्टानं विरघळवलेलं थोरियम पुन्हा घट्ट. शिवाय पात्र. ही सगळी उकळी स्टेनलेस स्टीलच्या पात्रात चालते. स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा असतो आणि नायट्रिक अ‍ॅसिडपुढे तो उत्तम टिकतो. पण ज्या युक्तीनं फ्लोराइड थोरियमचं ऑक्साइड उसवतो, तीच युक्ती त्याला क्रोमियमच्या ऑक्साइडवरही चालते. थोरियमचं काम आटोपत आलं की तो यजमानांच्या घराच्या भिंती पोखरायला लागतो.

यावरचा उपाय म्हणजे अ‍ॅल्युमिनियम नायट्रेट, लिटरला ०.१ मोल. मामांना रिकामं बसू द्यायचं नाही म्हणून त्यांच्या शेजारी गप्पिष्ट काका बसवावेत, तसं. अ‍ॅल्युमिनियमलाही फ्लोराइडची ओढ आहे, पण एकास एक बघितलं तर थोरियमपेक्षा कमी. ही कमी-जास्ती नेमकी उपयोगाची. थोरियमचं काम निघालं की फ्लोराइड अ‍ॅल्युमिनियमला सोडून जाऊ शकतो. काम नसलं की स्टीलकडे वळण्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमपाशी रमतो. अ‍ॅल्युमिनियम जास्त झालं तर मात्र तो उठतच नाही आणि विरघळण्याची चाल मंदावते. तीव्र नायट्रिक, चिमूटभर हायड्रोफ्लोरिक आणि मोजकं अ‍ॅल्युमिनियम नायट्रेट या तिघांच्या मिश्रणावर थोरेक्स नावाची पद्धत उभी आहे. सिरस अणुभट्टीत भाजून निघालेल्या थोरियाच्या कांड्यांतून ट्रॉम्बेला याच वाटेनं युरेनियम-२३३ वेगळं काढलं गेलं, आणि कल्पक्कमची कामिनी ही छोटी, ३० किलोवॉटची अणुभट्टी १९९६ साली त्याच इंधनावर सुरू झाली.

काक्रापारच्या वीजकेंद्रात वापरलेल्या थोरियाच्या गठड्यांनी हा हिशेब आणखी किचकट केला, कारण त्यांचं वेष्टन झिर्कॅलॉयचं. झिर्कोनियम म्हणजे फ्लोराइडच्या बाबतीत थोरियमच्याही वरचढ. वेष्टनाचे कापलेले तुकडे पात्रात पडलेले असले की त्यांतून जे काही झिर्कोनियम द्रावणात येईल, ते फ्लोराइडला असं काही पकडतं की थोरियम वाट बघत राहतो. त्यात मुळातच शेवटचा चुरा सगळ्यांत जास्त वेळ खातो. द्रावणात थोरियम वाढत जातो तसा मोकळा फ्लोराइड कमी होत जातो, कारण विरघळून बाहेर आलेले पाहुणेच मामांना ओट्यावर अडवून धरतात. पहिली निम्मी गोळी बघता बघता जाते, उरलेली तासन्‌तास रेंगाळते. ‘झालंच आहे जवळजवळ’ हे वाक्य ज्या ज्या खात्यांत ऐकू येतं, त्यांत याही खात्याची नोंद करायला हरकत नाही.

प्लुटोनियमचंही दुखणं असंच. त्याचं भाजलेलं ऑक्साइड साध्या नायट्रिकला दाद देत नाही आणि तिथंही हायड्रोफ्लोरिकलाच पाचारण करतात. पण प्लुटोनियम आणि फ्लोराइड यांचा परिचय त्याहून जुना. प्लुटोनियम डोळ्यांनी दिसलं तेच मुळी फ्लोराइडच्या रूपात.

ही गोष्ट अमेरिकेतली, युद्धकाळातली. १९४० साली बर्कलीला एडविन मॅकमिलन आणि फिलिप एबलसन यांनी नेप्च्युनियम ओळखलं, ते त्याच्या फ्लोराइडशी असलेल्या दुटप्पी वागण्यावरून. द्रावणात लॅन्थनम घालून फ्लोराइड टाकलं की लॅन्थनम फ्लोराइडचा साका बसतो. नेप्च्युनियम कमी ऑक्सिडीकरणाच्या अवस्थेत असेल तर त्या साक्याबरोबर खाली जातं. वरच्या अवस्थेत चढवलं तर खाली जायला नकार देऊन द्रावणातच राहतं. पुढल्या वर्षी, २३ फेब्रुवारी १९४१ च्या रात्री आर्थर वॉलनं बर्कलीच्याच गिल्मन हॉलच्या ३०७ नंबरच्या खोलीत ९४ व्या मूलद्रव्यावर, म्हणजे प्लुटोनियमवर, ऑक्सिडीकरणाचा निर्णायक प्रयोग केला आणि त्याची वेगळी ओळख पटली. वॉलचे सहकारी ग्लेन सीबोर्ग आणि मंडळींच्या हातात आता एक खेळ आला होता. खाली बसव, विरघळव, ऑक्सिडीकरण कर, पुन्हा फ्लोराइड टाक. या वेळी लॅन्थनम एकटं खाली जातं आणि प्लुटोनियम वर राहतं. लॅन्थनम गाळून फेक, प्लुटोनियमला सल्फर डायऑक्साइडनं पुन्हा खालच्या अवस्थेत आण, पुन्हा बसव. दर फेरीला कचरा कमी.

पुढे ही मंडळी शिकागोला गेली, आणि तिथं हा खेळ ज्या प्रमाणात चालला त्याची कल्पना करून मला अजून गंमत वाटते. सायक्लोट्रॉनच्या न्यूट्रॉनखाली मणांच्या हिशेबात युरेनियम नायट्रेट ठेवायचं, आणि त्यातून निघणारं प्लुटोनियम मायक्रोग्रॅममध्ये. परीक्षानळी म्हणून केसासारखी काचेची नळी, टेबल म्हणून सूक्ष्मदर्शकाचा मंच, आणि हात हलू नये म्हणून श्वास रोखलेला माणूस. २० ऑगस्ट १९४२ रोजी बरिस कनिंगहॅम आणि लुई वर्नर यांना जोन्स प्रयोगशाळेच्या चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत शुद्ध प्लुटोनियमचं फ्लोराइड पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं. माणसानं घडवलेलं मूलद्रव्य कुणीतरी नुसत्या नजरेनं बघण्याची ती पहिली वेळ. तीन आठवड्यांनी, १० सप्टेंबरला, त्याच्या ऑक्साइडचं वजन झालं : २.७७ मायक्रोग्रॅम. पुढे हॅनफर्डच्या प्लुटोनियम कारखान्यासाठी मुख्य पद्धत म्हणून बिस्मथ फॉस्फेट निवडलं गेलं. फ्लोराइड पात्रं खातो ही धास्ती त्यामागे होतीच. पण शेवटच्या शुद्धीकरणाला लॅन्थनम फ्लोराइडच लागलं. मोठ्या कारभारात त्याला नको म्हणायचं आणि शेवटच्या सहीसाठी त्यालाच बोलवायचं, अशी ही तडजोड.

प्लुटोनियम वरच्या अवस्थेत गेल्यावर खाली का बसत नाही, याचं उत्तर मजेशीर आहे. वरच्या अवस्थेत त्याच्यावर सहा धनभार येतात. म्हणजे फ्लोराइडनं आणखी जोरात झेप घ्यायला हवी. पण एवढा भार पेलताना प्लुटोनियम पाण्यातून दोन ऑक्सिजन ओढून घेतो, एक डोक्यावर आणि एक पायाखाली, आणि मग बाहेरच्या जगाला त्याचा एकूण भार दिसतो फक्त दोन. युरॅनिलचंही हेच रूप. फ्लोराइडला आता कमरेच्या पट्ट्यातूनच आत शिरता येतं. तरी मौज बघा, कागदावर भार दोन असला तरी फ्लोराइड ज्या जोरानं युरॅनिलला धरतो त्यावरून हिशेब केला तर मधल्या धातूचा खरा प्रभाव ३.३ च्या आसपास भरतो, म्हणजे साध्या तीन भारांच्या अ‍ॅक्टिनाइडपेक्षाही थोडा जास्त. त्यामुळे क्रम असा लागतो : सर्वांत पुढे चार भारांचे, त्यांच्यामागे युरॅनिलसारखे, मग तीन भारांचे, आणि शेवटी पाचव्या अवस्थेतले, ज्यांचा कागदावरचा भार एकच. पाचवी अवस्था तिसरीच्याही मागे आणि सहावी तिसरीच्या पुढे. शाळेत असा निकाल लागला असता तर पालकांनी मुख्याध्यापकांना घेराव घातला असता.

प्रोटॅक्टिनियमचा उल्लेख टाळता येणार नाही, जरी त्याच्या वाटेला न जाणं शहाणपणाचं. हे मूलद्रव्य साध्या आम्लात टिकतच नाही. पाण्याशी भांडून गोळा होतं आणि भांड्याच्या भिंतीला चिकटून बसतं. सकाळी द्रावणात असलेलं प्रोटॅक्टिनियम संध्याकाळी द्रावणात सापडेल याची खात्री नाही. त्याला काबूत ठेवायचा भरवशाचा मार्ग म्हणजे फ्लोराइड. मुबलक फ्लोराइड दिला की सात-सात फ्लोराइड त्याच्याभोवती कोंडाळं करतात आणि मग ते मुकाट द्रावणात राहतं. थोरियमपासून युरेनियम-२३३ होताना वाटेतला मुक्काम या प्रोटॅक्टिनियमचाच, अर्धायुष्य सुमारे २७ दिवस. म्हणून अणुभट्टीतून काढलेल्या कांड्या काही महिने नुसत्या ठेवून देतात. त्याचं आपसूक युरेनियम होऊ देतात. भांडखोर पाहुणा निघून जाईपर्यंत बैठकच भरवायची नाही, हा उपाय मला तरी सर्वांत परिपक्व वाटतो.

हे सगळं मोजलं कसं, हे सांगितलं नाही तर वरचे आकडे हवेत राहतील. १९६६ साली अमेरिकेत फ्रँट आणि रॉस यांनी फ्लोराइड ओळखणारा इलेक्ट्रोड जाहीर केला. दिसायला साधी, पेनाएवढी कांडी. तिच्या टोकाला एक चकती. द्रावणात बुडवली की मोकळा फ्लोराइड किती आहे ते मिलिव्होल्टमध्ये सांगते. हायड्रोजनच्या किंवा थोरियमच्या गळ्यात पडलेला फ्लोराइड तिच्या खिजगणतीत नाही, फक्त मोकळा. ही चकती कशाची? युरोपियमचा अंश घातलेल्या लॅन्थनम फ्लोराइडच्या स्फटिकाची. ज्या पदार्थाच्या साक्यावर शिकागोला प्लुटोनियम खाली बसलं, तोच इथे काठीच्या टोकाला बसून फ्लोराइडची हजेरी घेतो. ट्रॉम्बेच्या रेडिओकेमिस्टांनी थोरियम, युरेनियम, नेप्च्युनियम, प्लुटोनियम या चौघांच्या फ्लोराइडप्रीतीचे स्थिरांक याच कांडीनं मोजले. कृती सांगायला सोपी. पॉलिथिनच्या पात्रात आम्ल आणि धातू घ्यायचा, काचेचं पात्र चालत नाही कारण प्रयोग संपण्याआधी तेच विरघळू लागेल. ब्यूरेटमधून थेंब थेंब फ्लोराइड सोडायचा. प्रत्येक थेंबानंतर काटा स्थिर होईपर्यंत थांबायचं. घातलेल्या फ्लोराइडातून मोकळा वजा करायचा, हायड्रोजननं धरलेला वजा करायचा. उरला तो धातूपाशी. जमाखर्चाची वही ठेवणाऱ्या कुणालाही हा हिशेब अवघड नाही. अवघड आहे ते काटा स्थिर होईपर्यंत थांबणं.

प्रयोगशाळेत फ्लोराइड हाताळणाऱ्यांच्या टेबलावर कॅल्शियम ग्लुकोनेटच्या जेलची नळी हाताशी ठेवलेली असते. हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड सांडलं तर कधी कधी लगेच आगही होत नाही. ते मुकाट्यानं आत उतरतं आणि शरीरातल्या कॅल्शियमला गाठतं. फ्लोराइडला कॅल्शियमही प्रिय. टूथपेस्टमध्ये तो असतो तो याच प्रीतीमुळे, आणि यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या कित्येक गावांत विहिरीच्या पाण्यानं माणसांचे दात पिवळे आणि सांधे ताठ होतात तेही याच प्रीतीमुळे. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा. थोरियम विरघळवणाऱ्या पात्रात त्याच्या सहाशे पट. कारखान्यातल्या माणसाचा त्याच्याशी व्यवहार मोजून-मापून चालतो. गावातल्या माणसाला कुणी मोजमाप विचारलेलं नसतं. या विषयावर विनोद करायची माझी तयारी नाही.

युरेनियम निघालं, थोरियम निघालं, की पात्रातला फ्लोराइड कुठे जातो? मामांना परत पाठवायची सोय नसते. युरेनियम आणि थोरियम सेंद्रिय द्रावकात उचलून घेतले जातात आणि फ्लोराइड अ‍ॅल्युमिनियमच्या सोबतीनं मागे राहतो, अतिशय किरणोत्सारी अशा पाण्यात. हे पाणी आटवून, बोरोसिलिकेटच्या घटकांबरोबर वितळवून त्याची काच करतात, म्हणजे किरणोत्सारी द्रव्यं त्या काचेत कायमची अडकून पडावीत. आयुष्यभर काच खात आलेल्या माणसाला शेवटी काचेतच कोंडायचं, असा हा बेत. त्याला फ्लोराइडची पूर्ण संमती आहे असं दिसत नाही. अ‍ॅल्युमिनियम आणि फ्लोराइड दोघांनाही सामावून घ्यायचं म्हणून काचेच्या घटकांचं प्रमाण वेगळं बसवावं लागतं, आणि तरीही वितळण्याच्या तापमानाला काही फ्लोराइड वायूंबरोबर निसटायला बघतोच. म्हणून भट्टीच्या धुराच्या वाटेवर तो धुऊन काढण्याची वेगळी व्यवस्था करावी लागते. त्या व्यवस्थेचे नळही तो खाऊ शकतो, त्यामुळे ते कशाचे करावेत यावर आता आणखी एक समिती बसते.